पाटीवर तेल दिसेल, साखर दिसेल. मुरमुरा कोण दाखवणार?

मित्रहो, आज राजकारणावर लिहीत नाही. नाही म्हणजे, थोडं आहे. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन वाचा. चहासोबत तोंडात काय टाकायचं, तोच आजचा विषय आहे.

मागच्या आठवड्यात एका सरकारी खात्याच्या बैठकीला गेलो होतो. विषय होता जिल्ह्यातल्या लोकांचं आरोग्य. मधुमेह वाढतो आहे, रक्तदाब वाढतो आहे, लोकांमध्ये जागृती करा, असं साहेबांनी पंचवीस मिनिटं सांगितलं. मग प्लेटा आल्या. एक समोसा, मूठभर वेफर्स, दोन बिस्किटं आणि एक पेढा. माझ्या बाजूला बसलेल्या मित्राने विचारलं, "काऊन भाऊ, नाही घेत?" मी म्हटलं, "घेत नाही." तो म्हणाला, "एका समोशाने काय होते बाप्पा!"

एका समोशाने काही होत नाही, खरं आहे. पण पत्रकाराच्या आयुष्यात एक समोसा नसतो. सकाळी पत्रकार परिषद, दुपारी उद्घाटन, संध्याकाळी कोणाचा तरी सत्कार. वीस वर्षांत मी किती प्लेटा खाल्ल्या त्याचा हिशेब माझ्या रिपोर्टमध्ये निघाला. एचबीए1सी 8.2. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: मागच्या दोन-तीन महिन्यांत रक्तातली साखर सरासरी किती राहिली ते या तपासणीत कळतं. 6.5 आणि त्याच्या वर म्हणजे मधुमेह. वय 46.

डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि म्हणाले, भात कमी करा, गोड बंद करा. गोड मला तसंही आवडत नाही. भात कमी केला, जमलं. अडलं ते भलतीकडेच. संध्याकाळी पाच वाजता आणि रात्री बातम्या पाठवताना मला काहीतरी कुरकुरीत पाहिजे. पोट भरलेलं असतं, भूक नसते, पण दाताखाली काहीतरी मोडलं पाहिजे. चिवडा, शेव, वेफर्स, काही नसेल तर नुसते मुरमुरे. साखर सोडणारे खूप लोक मी पाहिले. कुरकुरीत सोडणारा एकही पाहिला नाही.

ही सवय नुसत्या जिभेची नाही, कानाचीही आहे. ऑक्सफर्डचे चार्ल्स स्पेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्याने 2004 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. लोकांना वेफर्स खायला दिले आणि कानाला हेडफोन लावून चावण्याचा आवाज कमी-जास्त केला. आवाज वाढवला की लोकांना तेच वेफर्स जास्त ताजे आणि कुरकुरीत वाटले. म्हणजे आपण आवाज खातो. कंपन्यांना हे नीट माहीत आहे. आपल्याला माहीत नाही.

आता थोडं मागे जातो.

माझे बाबा तुमसरला राइस मिलमध्ये दिवाणजी होते. तुमसर म्हणजे धानाची बाजारपेठ, हे इथल्या लोकांना सांगायला नको. बाबांना साखरेची बिमारी निघाली तेव्हा त्यांनी त्याच दिवशी चहातली साखर बंद केली. पक्का माणूस. लग्नात पंगतीत बसायचे, पण जिलेबीला हात लावायचे नाहीत. सगळ्यांना अभिमानाने सांगायचे, "मी साखर खात नाही." आणि रोज संध्याकाळी मिलमधून आले की मोठी परात भरून मुरमुऱ्याचा चिवडा घेऊन बसायचे. वर कांदा, तिखट, थोडं कच्चं तेल. आम्ही भावंडंही त्याच परातीत हात घालायचो. त्यांना ते कोणी सांगितलं नाही, आणि आम्हालाही कळलं नाही. मुरमुरा हलका, पचायला सोपा, आजारी माणसाला चालतो, असाच आपला समज. 2011 मध्ये त्यांच्या पायाचा अंगठा कापावा लागला. दोन वर्षांनी ते गेले. मुरमुऱ्यानेच गेले असं मी म्हणत नाही. बिडी होती, तपासण्या वेळेवर झाल्या नाहीत, सगळंच होतं. पण साखर सोडलेला माणूस रोज परातभर पिष्ट खात होता आणि घरात कोणालाही त्यात वावगं वाटत नव्हतं, हे मात्र खरं.

म्हणून मला त्या पाट्यांबद्दल बोलायचं आहे.

2025 च्या जूनमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सरकारी खात्यांना पत्र पाठवलं: कार्यालयांमध्ये, कॅन्टीनमध्ये तेल आणि साखरेचे फलक लावा, म्हणजे आपण खातो त्या पदार्थात किती तेल, किती साखर हे लोकांना दिसेल. जुलैमध्ये त्याची बातमी झाली "समोसा-जिलेबीवर इशारा" अशी, आणि त्यात आपल्या बाजूच्या नागपूर एम्सचं नाव गाजलं. मग सरकारनेच खुलासा केला की हातगाडीवरच्या समोशावर इशारा छापायचा असं काही म्हटलेलं नाही, हे फक्त कार्यालयांसाठीचे जागृतीचे फलक आहेत. ठीक. फलक चांगले आहेत, माझा विरोध नाही.

पण आपल्या भंडाऱ्यात ते फलक अर्धीच गोष्ट सांगतील. तेल लिहिलं, साखर लिहिली. मैदा कुठे आहे? तांदूळ कुठे आहे? मुरमुऱ्यात तेल नाही, साखर नाही. त्या फलकासमोर मुरमुरा शंभरपैकी शंभर गुण घेऊन पास होईल. राष्ट्रीय पोषण संस्थेचे जुने तक्ते काढून बघा: 100 ग्रॅम मुरमुऱ्यात कर्बोदकं 73 ग्रॅमच्या वर, पोह्यांमध्ये 77 च्या आसपास, साबुदाण्यात 87. आणि फुगवलेला तांदूळ पचतो लवकर, म्हणून रक्तातली साखरही लवकर चढवतो. माझ्या बाबांसारख्या माणसासाठी चहातला एक चमचा आणि परातभर चिवडा यात मोठं कोण होतं, ते तुम्हीच ठरवा.

हे एकट्या माझं मत नाही. आयसीएमआरच्या इंडियाब अभ्यासाने 2023 मध्ये सांगितलं की देशात सुमारे 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे, आणि 13 कोटी 60 लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्याच अभ्यासाचा आहारावरचा भाग 2025 मध्ये आला. भारतीय माणसाच्या रोजच्या ऊर्जेतली 62 टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते, आणि त्यातला मोठा वाटा पांढरा तांदूळ, दळलेलं धान्य आणि साखर यांचा. त्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट ही: पांढरा तांदूळ काढून त्याजागी गव्हाची कणीक किंवा ज्वारी-नाचणी आणली, पण एकूण कर्बोदकं तेवढीच ठेवली, तर धोका कमी होताना दिसला नाही. कर्बोदकांचा थोडा वाटा काढून तिथे प्रथिनं आणली, डाळी, दूध-दही, अंडी, मासे, तेव्हा फरक दिसला.

आता हे डोक्यात ठेवून दुकानात जा. मी गेलो होतो.

"डायट चिवडा" घेतला. मागे बारीक अक्षरात पहिलं नाव पोहे, दुसरं मक्याचे पोहे. तळलेले नाहीत, भाजलेले आहेत, एवढाच डायट. "मल्टिग्रेन" लिहिलेल्या काड्या घेतल्या. पाच धान्यांची पिठं, म्हणजे पाच प्रकारचं पिष्ट. मग मखाना. सध्या मखान्याची हवा आहे, जिममध्ये जाणारी पोरं हातात डबा घेऊन फिरतात. मखाना वाईट नाही, तळलेल्या वेफर्सपेक्षा बरा. पण 100 ग्रॅम मखान्यात कर्बोदकं 77 ग्रॅमच्या जवळ, म्हणजे मुरमुऱ्याचाच श्रीमंत भाऊ. किंमत मात्र बघून छातीत दुखते. एकादशीचं फराळी सामान तर बोलूच नका. साबुदाणा, वाळलेल्या शिंगाड्याचं पीठ, बटाट्याचा कीस. उपास देवासाठी असेल तर करा, शुगरसाठी होत नाही.

मधल्या काळात दोन वेळा जेवणाचा प्रयोगही केला. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा मार्ग महाराष्ट्रात घरोघरी पोचला आहे, आणि त्याचं मूळ आपल्या विदर्भाच्या डॉ. श्रीकांत जिचकारांच्या व्याख्यानात आहे, हे दीक्षित सर स्वतः सांगतात. दोनदा जेवायचं, मधे काही खायचं नाही. ज्यांना जमतं त्यांचं कौतुक आहे. मला तीन आठवडे जमलं. चौथ्या आठवड्यात निवडणुकीची मतमोजणी आली. रात्री दोन वाजता मी ऑफिसमध्ये कोणाच्यातरी टेबलावरची शेव खात होतो, तीही पुडी चाटून. तेव्हा कळलं की आपल्याला काही न खाणं जमणार नाही. आपल्याला खायला दुसरं काहीतरी पाहिजे.

ते दुसरं काहीतरी मला आठवडी बाजारात सापडलं. दुकानाच्या काचेमागे नाही, खाली तळवटावर.

पहिले शेंगदाणे. 100 ग्रॅममध्ये कर्बोदकं 26 ग्रॅम, प्रथिनं जवळजवळ तेवढीच. कढईत मंद आचेवर, मीठ-पाण्याचा हबका मारून भाजले की दिवसभर कुरकुरीत राहतात. बुरशी आलेले, काळपट, कडू दाणे निवडून फेका, ते खाऊच नका.

दुसरं जवस. आपल्याकडे धान कापायच्या आधी उभ्या पिकात, जमिनीतल्या ओलीवर लाखोळी आणि जवस फेकायची पद्धत होती, उतेरा म्हणतात तो. आमच्या घरी जवसाची चटणी रोज असायची. जवसात जी कर्बोदकं असतात त्यातला मोठा भाग तंतूंचा, साखर चढवणारा नाही. मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा, थोडं मीठ, थोडं तिखट. चमचाभर तोंडात टाका आणि चावत बसा. आवाज पाहिजे होता ना? हा घ्या आवाज.

तिसऱ्या बिया. कोहळं चिरलं की आपण बिया उकिरड्यावर टाकतो. डांगराच्या, टरबुजाच्याही टाकतो. त्याच बिया शहरात सोलून, डबीत भरून शेकड्यात विकतात. धुवा, दोन दिवस उन्हात वाळवा, तव्यावर भाजा. माझी माय पहिल्या दिवशी म्हणाली, "का रे, आता कचरा खायची पाळी आली का तुझ्यावर?" आता तीच बिया धुऊन छतावर टाकते आणि कावळे हाकलते.

चौथं, जे खातात त्यांच्यासाठी, सुके झिंगे. तळ्यांच्या जिल्ह्यात राहून आपण कुरकुरीतपणासाठी बटाट्याकडे जातो, ही कमाल आहे. मामा तलावांच्या आणि वैनगंगेच्या या मुलखात सुक्या झिंग्यांचा वास बाजाराच्या टोकापासून येतो. निवडून, डोकी काढून, कोरड्या तव्यावर भाजले की बोटांनी मोडतात. कर्बोदकं नावापुरती, बाकी सगळं प्रथिन. मीठ मात्र असतं, म्हणून बीपीवाल्यांनी जपून. बाजारातल्या बाईला मी विचारलं, नुसते भाजून खाल्ले तर चालते का? ती हसली. "आमी लहानपणापासून तसेच खातो भाऊ, तुमाले आत्ता समजलं काय?"

फुटाणे मधल्या रांगेतले. कर्बोदकं 58 ग्रॅम, म्हणजे कमी नाहीत, पण सोबत 22 ग्रॅम प्रथिनं आणि तंतू आहेत, म्हणून साखर हळू चढते. मूठभर चालतात, वाटीभर नाही. उडदाचा भाजलेला पापडही तसाच, एक चालतो. तांदळाचे पापड आणि कुरोड्या मात्र पिष्टच. ताजे शिंगाडे दोन-चार खाल्ले तर हरकत नाही, त्यात पाणी जास्त असतं. आणि काकडी, मुळा, कोबीचा गड्डा, हे तर फुकटात कुरकुरीत. पण खरं सांगतो, रात्री दोन वाजता काकडीने समाधान होत नाही. ज्यांचं होतं ते थोर लोक आहेत.

आमच्या घरचं मिश्रण: दोन वाट्या शेंगदाणे, एक वाटी फुटाणे, अर्धी वाटी जवस, अर्धी वाटी कोहळ्याच्या बिया, पाव वाटी तीळ. सगळं वेगवेगळं भाजा, कारण प्रत्येकाचा वेळ वेगळा. चमचाभर तेलात हिंग, कढीपत्ता, हळद, तिखट, वरून हे सगळं. गार झाल्यावर डब्यात. माप एकच, आपली स्वतःची मूठ. दाणे-बिया तेलकट असतात, 100 ग्रॅम शेंगदाण्यात साडेपाचशेच्या वर कॅलरी. डबा समोर ठेवून बसलात तर पोट कमी होणार नाही, वाढेल. मी मूठ काढून घेतो आणि डबा बायकोकडे देतो. ती म्हणते, "अहो, दुसरी मूठ सकाळी." संपलं.

महाग पडतं म्हणणाऱ्यांसाठी: माझ्या मुलाने आणलेल्या 5 रुपयांच्या वेफर्सच्या पुडीवरचं वजन बघून हिशेब केला, तर किलोमागे भाव चारशेच्या वर गेला. शेंगदाणे त्याच्या निम्म्याच्याही खाली मिळाले. पुडी स्वस्त नाही, फक्त छोटी आहे.

चार महिन्यांनी माझा एचबीए1सी 6.9 आला. नुसत्या दाण्यांनी नाही. गोळी चालू आहे, भात अर्धा केला, सकाळी चालतो. पण हे मिश्रण नसतं तर मी बाकीच्या गोष्टींवर टिकलो नसतो, एवढं नक्की सांगतो. आणि एक इशारा: जे इन्सुलिन घेतात किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या घेतात त्यांनी माझी पोस्ट वाचून उद्यापासून भात-पोळी एकदम बंद करू नका. साखर धाडकन खाली जाऊ शकते. किडनीचा त्रास असलेल्यांनी तर हे दाणे-बियांचं प्रकरणही डॉक्टरांना विचारूनच.

कोणी म्हणेल, धानाच्या जिल्ह्यात राहून भाताच्या विरोधात लिहितो. नाही बाप्पा. माझं घर धानावरच चाललं. भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळाला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा त्याची बातमी लिहिताना माझीही मान ताठ झाली होती. पण आजोबा दिवसभर चिखलात वाकून रोवणी करायचे आणि मग भात खायचे. आता रोवणीलाही मशीन येत आहे, कापणीला हार्वेस्टर आहे, शेताच्या धुऱ्यापर्यंत मोटरसायकल जाते. घाम कमी झाला, भात तेवढाच राहिला, आणि वरून संध्याकाळचा चिवडा, पोहे, पुडी. भात जेवणात ठेवू. नाश्त्यात, चहासोबत, बैठकीत, पाहुण्यासमोर पुन्हा भातच वेगळ्या रूपात कशाला?

आणि इथे राजकारण येतं. रेशनवर माणशी 5 किलो धान्य फुकट मिळतं, 2024 पासून पाच वर्षांसाठी ते वाढवलं. उपाशी कोणी झोपू नये, हे बरोबरच आहे. पण नेहमीच्या रेशनात डाळ नाही, दाणे नाहीत. 2022 मध्ये सणाला आनंदाचा शिधा आला होता, त्यात किलोभर चणाडाळ आली, सोबत रवा आणि साखरही. गरीब घरात तांदूळ फुकट आणि डाळ विकत असेल तर ताटात काय वाढेल, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. आमचे खासदार-आमदार धानाच्या बोनससाठी भांडतात, भांडलंच पाहिजे. त्याच आवाजात एकदा रेशनवर महिन्याला किलोभर चणे किंवा डाळ मागा. उतेऱ्याच्या जवसाला, लाखोळीला बाजार मागा. शेतकऱ्याचंही भलं, खाणाऱ्याचंही.

तोवर खर्च न लागणारं एक काम. जिल्हा परिषद, सातही पंचायत समित्या, नगर परिषदा, ग्रामसभा, शाळांच्या बैठका, आणि हो, आमच्या पत्रकार परिषदाही: समोसा-वेफर्सची प्लेट बंद करा. वाटीभर भाजलेले दाणे-फुटाणे, चहा बिनसाखरेचा, ज्याला साखर पाहिजे त्याला वेगळी. गावातल्या बचत गटाच्या बायकांकडून घ्या. पैसे गावात राहतील. मधुमेहावर भाषण देऊन समोसा वाटण्याची लाज तरी वाचेल.

आणि तुम्ही तिशीच्या पुढे असाल तर जवळच्या आरोग्य केंद्रात शुगर आणि बीपी तपासून घ्या. तिथे ते फुकट होतं. माझ्या बाबांनी तपासलं तेव्हा उशीर झाला होता.

मी स्वतःपुरतं ठरवलं आहे: पुढच्या पत्रकार परिषदेला खिशात पुडी घेऊन जाणार. दाणे, जवस आणि बियांची. साहेबांनाही देईन. बघू, काय म्हणतात.

तुमच्या घरी कुरकुरीत काय करतात, तांदूळ-मैदा-बटाटा सोडून? खाली लिहा. लाखनी-पवनीकडच्या मायबहिणींकडे माझ्यापेक्षा जास्त प्रकार असतील, मला माहीत आहे. आणि घरात कोणी "मी साखर खात नाही" म्हणत मुरमुऱ्याची परात घेऊन बसत असेल, तर ही पोस्ट त्यांना वाचून दाखवा. आमच्या घरी वाचून दाखवणारं कोणी नव्हतं.